हशाचा रकाना

गुणपत्रकात पाच रकाने होते: विषय, संहिता, दिग्दर्शन, अभिनय, संकलन. लघुपट स्पर्धेचं परीक्षकपण अंगावर घेतलं होतं आणि शेवटी दोनच लघुपट शर्यतीत उरले होते. एक विहीर खणताना मेलेल्या मजुराच्या बायकोचा. दुसऱ्यात लग्नाच्या मुहूर्ताला लिफ्ट बंद पडते आणि आत नवरदेव, भटजी आणि गॅस सिलिंडरवाला अडकतात. पहिल्याला 41 गुण, दुसऱ्याला 34. तरी सही करायला हात धजेना.

मामा कोल्हापूरहून आला होता. समोर शेंगा सोलत बसला होता.

"लिफ्टवाल्याला हसलीस का?"

"हसले की. दोनदा."

"आणि विहिरीला रडलीस?"

"नाही. गप्प झाले."

"मग गप्प होण्याचे सात गुण जास्त कसे?"

"गप्प झाल्यावर विचार सुरू झाला, मामा. हसल्यावर विषय संपला."

"तू भरतमुनींच्या पंगतीतली दिसतेस. नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत. स्मित आणि हसित उत्तम माणसाला, पुढचे दोन मधल्याला. आणि बरगड्या धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसणं अधमाच्या वाट्याला. तेव्हापासून आपण दात झाकून हसतोय. अत्र्यांचंच बघ. 1938 साली 'ब्रह्मचारी' लिहून लोकांना लोळवलं, पण राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते 'श्यामची आई'ला."

"अरे, ते पदकच 1954 साली सुरू झालं! 'ब्रह्मचारी'ला कुणी द्यायचं?"

"बरं, तिथे हरलो." टरफलं बाजूला सारून तो पुन्हा सरसावला. "मग अमेरिकेत जाऊ. 1959 चा 'सम लाइक इट हॉट'. दोन पुरुष बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये घुसतात. ऑस्कर एकच, तेही वेशभूषेचं! त्याच वर्षी 'बेन हर'ला अकरा."

"पण पुढच्याच वर्षी त्याच बिली वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तोही विनोदीच."

"त्यात झोपेच्या गोळ्या खाल्लेली पोरगी आहे. विनोदाला बक्षीस हवं असेल तर एखादा जीव टांगणीला लावावा लागतो."

हे मला लागलं, कारण लिफ्टवाल्यात कुणाचाच जीव टांगणीला नव्हता. पण आता मामा 'विनोद करणं किती अवघड' या वळणावर जाणार, हे ओळखून मी आधीच म्हटलं, "अवघड आहे म्हणून गुण द्यायचे असतील तर दोरीवर चालणाऱ्यालाच देते पहिलं बक्षीस."

तो हसला. मग विचारलं, "लिफ्टवाला पाहिलास कुठे?"

"इथेच. लॅपटॉपवर, हेडफोन लावून."

"आणि संकलनाला किती दिलेस?"

"पाच. सैल आहे. भटजींचा फोन वाजतो, घरून विचारतात मुहूर्त टळला का, आणि त्यानंतर चार सेकंद कॅमेरा तिघांच्या चेहऱ्यांवर नुसता थांबतो. काहीच घडत नाही."

"अगं, ती चार सेकंदं प्रेक्षकांची आहेत. तिथे हशा यायचाय. 1988 साली 'अशी ही बनवाबनवी' थिएटरात बघितला तेव्हा लक्ष्या लुगड्यात आला आणि पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. तू रिकामी जागा बघितलीस आणि गुण कापलेस. विहिरीवरचा लघुपट एकट्यानं बघितला तरी पुरा कळतो. लिफ्टवाल्याचा अर्धा भाग खुर्च्यांत बसलेला असतो."

"'बनवाबनवी' मी टीव्हीवर वीसेक वेळा बघितला असेल. थिएटर कुठे होतं?"

"एकटीनं कधी बघितलास?"

आठवून पाहिलं. आजी असायची, काका, शेजारची पोरं. एकटीनं एकदाही नाही.

तरीही मला हे पुरेसं वाटेना. "हॉल तर तोतऱ्या माणसालाही हसतो, जाड बाईलाही हसतो. मग हॉल हसला म्हणून दहापैकी दहा? आणि सगळा हॉल मुसमुसला म्हणून विहिरीला मी जास्त देत नाही, तर हशाला का देऊ?"

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नको देऊस. हॉल हसला की नाही एवढंच हॉल सांगेल. कुणाला हसला ते तू बघायचं. पण पहिली गोष्ट माहीत नसताना तू दुसरीवर निकाल लावायला बसलीस."

मी लिफ्टवाल्याची ती चार सेकंदं पुन्हा लावली, या वेळी हेडफोन काढून. सिलिंडरवाला खांद्यावरचं ओझं हळूच खाली ठेवतो आणि घड्याळाकडे बघतो. लग्न त्याचं नाही, पण उशीर त्यालाही झालाय. मामा खदखदून हसला. मीही हसले आणि पुढचं वाक्य हुकलं.

सिलिंडरवाल्याला कुणी हसत नव्हतं. त्या घड्याळाला हसत होतो.

संकलनातला पाचाचा आकडा खोडला. नवा अजून लिहिलेला नाही. सकाळी आयोजकांना फोन करून दोन्ही लघुपट हॉलमध्ये दाखवा म्हणून सांगणार आहे. पन्नास तरी माणसं लागतील, मामा म्हणतो.