तारेच्या दुसऱ्या टोकाला

कैद्याने घरी केलेल्या दूरध्वनीचे पैसे कोणी द्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा आहे. आम्हांला तो न्यायाचा वाटतो.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० साली अमेरिकेच्या संघीय कारागृहांतील भेटी बंद झाल्या, तेव्हा बंदिवानांसाठी दूरध्वनी मोफत करण्यात आला. १ जानेवारी २०२५ पासून ती सवलत आखडण्यात आली. सुधारणेच्या ठरावीक कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांनाच महिन्याला ३०० मिनिटे मोफत. इतरांनी पैसे मोजावेत. याउलट कनेटिकट, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांनी आपापल्या तुरुंगांतील दूरध्वनी कायद्यानेच मोफत केला आहे.

निर्बंध हवा म्हणणाऱ्यांना आम्ही निर्दय म्हणणार नाही. ज्या मातेचा मुलगा कोणाच्या हातून मारला गेला, तिला त्याचा आवाज पुन्हा कधीच ऐकू येणार नाही. मारेकऱ्याच्या बोलण्याचा खर्च तिच्याही करातून व्हावा, हे तिला बोचणारच. त्या बोचण्यावर आमच्यापाशी उत्तर नाही. साक्षीदारांना धमकावले जाईल ही भीतीही खोटी नव्हे; पण त्यासाठी संभाषणावर देखरेख असते, ध्वनिमुद्रण होते. पैसे आकारल्याने धमकावणारा अडत नाही. अडते ते गरीब घर.

वॉशिंग्टनच्या मार्था राइट या निवृत्त परिचारिका दृष्टिहीन होत्या. नातू दूरच्या तुरुंगात. पत्र आले तरी त्यांना ते स्वतः वाचता येणार नव्हते. उरला तो आवाज, आणि तो फार महाग होता. २००० साली त्यांनी न्यायालयात दाद मागितली. २०१५ मध्ये त्या निवर्तल्या. तुरुंगांतील दूरध्वनीच्या दरांना लगाम घालणाऱ्या, त्यांच्या नावाच्या कायद्यावर २०२३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली.

आता या आजीबाईंना २०२५ चा नियम लावून पाहावा. नातवाने वर्ग चुकवला, तर भुर्दंड आजीला! कैद्याला सुधारणेकडे वळवण्याचा हेतू चांगला. परंतु त्यासाठी ओलीस कोणाला धरले जाते? (मुलगा आखातात असताना शेजाऱ्याच्या दूरध्वनीपाशी ताटकळलेल्या आमच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.)

तिजोरीत पैसा कमी असेल, तर मिनिटे मोजून द्यावीत. मात्र ती सर्वांना सारखी द्यावीत. कोणाच्या घरी किती पैसे आहेत, हे पाहून नव्हे.