निरपराध वाहक

कालच जन्मलेले बाळ एकाएकी दूध ओढेनासे होते, कण्हू लागते, त्याला धाप लागते. रक्तात जंतू सापडतो आणि तो प्रसूतीच्या वेळी आईकडूनच आला, असे निदान होते. त्या क्षणी आईच्या ओठी एकच प्रश्न येतो : 'माझे काय चुकले?'

या जंतूचे नाव स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए. गाईंच्या कासेच्या रोगातून त्याची प्रथम ओळख झाली. १९३३ साली रिबेका लान्सफील्ड यांनी अशा जंतूंचे गट पाडले, त्यांत तो 'बी' गटात आला. जगात दर पाच गर्भवतींपैकी सुमारे एकीच्या शरीरात तो वस्तीला असतो. तिला ना ताप, ना वेदना. औषध न मिळालेल्या अशा शंभर मातांपैकी एकदोघींचीच बाळे पहिल्या आठवड्यात आजारी पडतात. वृद्ध, मधुमेही, कर्करोगाने खचलेले यांनाही तो गाठतो. सशक्ताच्या घरी तो निरुपद्रवी पाहुणा, दुर्बळाच्या घरी काळ!

जंतूला हेतू नाही, मातेला जाणीव नाही. जाणीव आणि संमती यांवाचून अपराध कसा घडेल? परंतु आपण कारण आणि दोष यांची गल्लत करतो. 'दिवसांत नीट जपले नसेल,' ही शेजघरातली कुजबुज त्या गल्लतीचेच अपत्य.

मग कोणावरच काही जबाबदारी नाही काय? आहे. प्रसूतिवेदना सुरू असताना मातेला शिरेवाटे प्रतिजैविक दिल्यास बाळ वाचू शकते, हे १९८०च्या दशकात सिद्ध झाले. अमेरिकेने २००२ पासून प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची शिफारस केली. पहिल्या आठवड्यातील या आजाराचे तेथील प्रमाण १९९०च्या सुमारास हजारी १.८ होते, ते २०१५ पर्यंत ०.२३ वर आले. एकदोघांसाठी शंभरजणींना औषध द्यावे काय, ही शंकाही प्रामाणिक आहे. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने २०१७ साली सरसकट तपासणीची शिफारस केली नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता : जे ठाऊक झाले, त्याचे आपण काय करणार? ज्ञान आले की कर्तव्य आले. आणि ते जाणत्यांचे, केवळ मातेचे नव्हे.

तरीही पहिल्या आठवड्यानंतर जडणारा आजार या औषधाने टळत नाही. सारे काही केल्यावरही एखादी खाट रडतच राहील. त्या खाटेपाशी उपदेशाला जागा नाही. जवळ बसावे, हात हाती घ्यावा आणि तिच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे : 'बाई गं, तुझे काही चुकले नाही.'