आपल्याला हेच म्हणायचे होते का?

पत्ता विचारला असता उत्तर देणाऱ्यांचे दोन पंथ आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत. पहिल्या पंथातल्या माणसाला पत्ता सांगण्यासाठी तो ठाऊक असण्याची गरज भासत नाही. परगावचा पाहुणा, घामाघूम झालेला, हातात पिशवी. त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे? मग हा मागे वळून लांबवर कुठेतरी बघतो, हाताने हवेत एक उजवे वळण काढतो आणि म्हणतो, "असं करा, सरळ जा, पुढं एक गिरणी लागेल, तिथं कुणालाही विचारा." या 'कुणालाही विचारा'वर भरतखंडातला निम्मा प्रवास आजवर पार पडला असावा. दुसऱ्या पंथाचे मुख्य पीठ पुण्यात आहे. तिथला गृहस्थ वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "माहीत नाही" म्हणतो आणि आपण पायऱ्या उतरायच्या आत कडी लावल्याचा आवाज येतो.

आता प्रश्न असा, की या दोघांत नीतिमान कोण? पहिल्याने दया केली, पण तो खोटे बोलला. दुसरा खरे बोलला, पण अशा रीतीने की यापेक्षा खोटे परवडले असे वाटावे. बरीच वर्षे माझे मत बिनशर्त पहिल्याच्या पारड्यात पडत असे. हल्ली ते डळमळू लागले आहे, आणि त्याला कारण आमचा भाचा.

भाचा एका कंपनीत मोबाइलवरच्या नकाशाचे अ‍ॅप तयार करतो. म्हणजे सगळा नकाशा नव्हे. नकाशाच्या माथ्यावर जी एक लांबट पांढरी चौकट असते, जिच्या कोपऱ्यात भिंग काढलेले असते, तेवढी चौकट त्याच्याकडे आहे. ती वापरायला सोपी करणे हे त्याचे काम. गेली अडीच वर्षे तो एवढ्या एका चौकटीवर बसून आहे. "आमच्याकडचा सुतार चौकट दीड दिवसात बसवून गेला," असे आमच्या सौभाग्यवती एकदा त्याला म्हणाल्या. त्यावर तो म्हणाला, "मामी, तुमच्या चौकटीतून माणसं आपापल्या पायांनी जातात. माझ्या चौकटीनं त्यांना कुठं जायचंय ते ओळखायचं असतं."

यातली गोम मला पहिल्यांदा कळली ती वडगावावरून. माणूस चौकटीत 'वडगाव' एवढेच लिहितो आणि निवांत बसतो. त्याच्या लेखी जगात एकच वडगाव आहे, जिथे त्याची मावशी राहते. इकडे एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे. जिल्ह्याबाहेरच्या वडगावांची तर मोजदादच नको. शिवाय गाव एकच असले तरी अक्षरे कुठे एक आहेत? मराठी माणूस मोबाइलवर मराठी लिहितो ते इंग्रजी अक्षरांत. लक्ष्मी रोड कुणी 'एक्स' घालून लिहितो, कुणी 'के-एस-एच' घालून. 'वाडा' लिहिताना निम्मे लोक 'व्ही' वापरतात. त्यामुळे शनिवारवाड्याला निघालेला माणूस एखाद्या वड्याच्या गाडीपुढे जाऊन उभा राहण्याचा संभव असतो. (पुष्कळांची याला हरकत नसते, ही गोष्ट वेगळी.)

या दुखण्यावर शहाण्या लोकांनी औषधे शोधून ठेवली आहेत. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने १९१८ साली एक पेटंट घेतले. नाव कसे लिहिले यापेक्षा ते कसे ऐकू येते याला महत्त्व देऊन त्याचा एक छोटा सांकेतिक आकडा करायचा, म्हणजे दोन तऱ्हांनी लिहिलेला एकच स्मिथ एकाच कप्प्यात सापडतो. पुढे लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये दोन शब्दांमधले अंतर मोजायची रीत सांगितली: एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात ते मोजा. थोर कल्पना. पण इंग्रजीत लिहिलेल्या वसई आणि वाशी यांच्यामध्ये लेव्हेनश्टाइनच्या हिशेबाने अंतर भरते एका अक्षराचे, आणि जमिनीवर बघाल तर मध्ये अख्खी मुंबई पडलेली.

आणि नावे तरी स्थिर असावीत! ज्याला व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत, त्याचे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' आले. आमच्या थोरल्या वहिनी तेवढ्यासाठी थांबलेल्या नाहीत. त्या अजून बोरीबंदरलाच उतरतात. मी भाच्याला विचारले, की वहिनींनी 'बोरीबंदर' लिहिले तर तुझी चौकट काय करणार? तो म्हणाला, "मुकाट्यानं स्टेशन दाखवणार. दाखवायचं, पण टोकायचं नाही." हे वाक्य मला फार आवडले. ते घराघरांतल्या सुनांना, सासऱ्यांना आणि विशेषतः नव्याने निवृत्त झालेल्या हेडमास्तरांना वाटावे, असा विचार मनात येऊन गेला.

पुण्याच्या देवांपुढे मात्र त्याने हात टेकले आहेत. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर ही नावे ऐकून त्याच्या कंपनीतल्या परप्रांतीय साहेबाला हा भाचा थट्टा करतो आहे असे वाटले. त्यातून उपाशी विठोबाचा प्रसंग घडला. कोणी नुसते 'उपाशी' एवढे लिहिले, तर चौकट बिचारी चटकन कळवळून जवळपासच्या खानावळी दाखवत असे. हेतू निर्मळ होता, पण भाविकाची वेळ चुकायची. तरी या देवांचे उपकार आहेत. आपला सगळा देश मुळी रस्त्यांच्या नावांवर चालतच नाही. तो देवळावर, पंपावर आणि पडलेल्या पिंपळावर चालतो. गुगललासुद्धा ते मान्य करावे लागले आणि २००९ साली भारतापुरती खाणाखुणा सांगून वाट दाखवायची सोय करावी लागली.

इथवर सगळे गमतीचे झाले. पण चौकटीला जेव्हा खरोखरच काही सापडत नाही, तेव्हा तिने काय करावे? इथे भाच्याचे आणि त्याच्या साहेबाचे वाजते. साहेबाचे म्हणणे, की कोरे पान दाखवायचे नाही. कोरे पान दिसले की गिऱ्हाईक जाते. त्यापेक्षा त्यातल्या त्यात जवळचे, त्यातल्या त्यात सारख्या नावाचे काहीतरी दाखवा. भाच्याचे म्हणणे, की नसेल तर नाही म्हणा. म्हणजे बघा, तेच दोन पंथ! हा साहेब कुठल्याही आळीत शोभून दिसेल. "पुढं गिरणी लागेल" म्हणणाराच तो. फरक एवढाच, की आळीतला माणूस दिवसात दोघातिघांना वाट चुकवतो आणि ही चौकट एका क्षणात हजारोंना.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. २०१२ सालच्या सप्टेंबरात अ‍ॅपलने स्वतःचा नकाशा बाजारात आणला, आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की कंपनीचे मुख्य टिम कुक यांनी जाहीर माफी मागून, तोवर दुसऱ्यांचे नकाशे वापरा, असे सांगितले. आपल्याकडे एखादा हलवाई शेजारच्या हलवायाकडे बोट दाखवेल का, सांगा! त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी मोटारवाल्यांना इशारा दिला, की मिल्डुरा या गावाला जायला हा नकाशा वापरू नका. नकाशाने मिल्डुरा दाखवले होते खऱ्या गावापासून कोई ७० किलोमीटरवर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध. तिथे पाणी नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपर्यंत चढतो. काही माणसे त्या रानात अडकून पडली, काही तर चोवीस तासांपर्यंत. नकाशाने त्यांना "माहीत नाही" म्हटले असते, तर ती वैतागून पेट्रोलपंपावर विचारती झाली असती आणि संध्याकाळी घरी जेवली असती.

बरे, सापडले तरी यादीत पहिले कोण? पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली नियम मांडला, की लक्ष्य जितके मोठे आणि जितके जवळ, तितका हात त्याच्यावर लवकर पडतो. मिठाची बरणी हाताशी ठेवणाऱ्या आमच्या आज्यांना हे ठाऊक होते, पण त्यांनी ते छापून आणले नाही. मोबाइलवर याचा अर्थ असा, की अंगठा जिथे सहज पोहोचतो तिथले नाव माणूस दाबतो. रात्री दीड वाजता छातीत कळ आलेल्या माणसाचा मुलगा दवाखाना शोधत असतो, तेव्हा तो यादी काही वाचत बसत नाही. आणि ती वरची जागा पैसे मोजून मिळत असली, शेजारी 'जाहिरात' हा शब्द मुंगीच्या अक्षरात लिहिला असला, तर तो सोपेपणा नेमका कुणाच्या सोयीचा, हे विचारायला हवे. भाच्याने 'जाहिरात' हा शब्द मोठ्या अक्षरात घ्यावा असे सुचवले. साहेबाने ती सूचना कोऱ्या पानासारखीच नजरेआड केली.

चौकटीची परीक्षा घ्यायला भाचा एकदा आमच्याच घरी आला. याकोब निल्सेन नावाच्या तज्ज्ञाने २००० साली लिहून ठेवले आहे म्हणे, की अशा परीक्षेला पाच माणसे पुरतात. बहुतेक सगळ्या खोडी तेवढ्यांतच दिसतात. आमच्या मजल्यावर खोडी दाखवायला दोन पुरली असती. पण पाचवे म्हणून खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन आले. ज्यांनी छत्तीस वर्षे लोकांचे पत्ते शोधले, त्या माणसाच्या हातात भाच्याने मोबाइल दिला आणि सांगितले, "काका, एक दवाखाना शोधून दाखवा." पोस्टमनकाकांनी चष्मा पुसला, चौकटीवर बोट ठेवले. बोट जरा जास्त वेळ टेकले, तशी भलतीच खूण नकाशावर उमटली. त्यांनी ती पुसायचा प्रयत्न केला, तर नकाशाच फिरला. मग त्यांनी मोबाइल अलगद टेबलावर ठेवला आणि हात मागे घेऊन म्हणाले, "माफ करा हं. माझंच चुकलं. आता वय झालं."

"काका, परीक्षा तुमची नाही, याची आहे," असे भाच्याने परोपरीने सांगितले. काकांचा विश्वास बसेना. कसा बसावा? यंत्रापुढे माफी मागायची सवय आपल्या हाडात मुरली आहे. १९४७ साली याच फिट्सने जोन्स या सहकाऱ्याबरोबर वैमानिकांच्या ४६० चुका गोळा केल्या होत्या. त्या सगळ्या 'वैमानिकाची चूक' या सदरात खपलेल्या. तपासून पाहिल्या तर माणसे एक दांडा समजून दुसराच ओढत होती, कारण दांडे सारखेच होते आणि या विमानात इकडे, तर त्या विमानात तिकडे. वैमानिकांनाही तोवर आपलेच चुकले असे वाटत असणार. छत्तीस वर्षांची नोकरी एका बोटाच्या टेकण्याने खाली घालायला लावणारी चौकट सोपी नव्हे, हे मला त्या टेबलाशी दिसले. भाच्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही ते दिसले असावे. तो बराच वेळ वहीत काही लिहीत होता.

चहा आला तसे काका मोकळे झाले. त्यांनी पिनकोडाचा विषय काढला. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतातले कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, त्यांनी १५ ऑगस्ट १९७२ पासून हे सहा आकडे देशाला लावले, तेही याच दुखण्यावर: गावांची नावे सारखी, लिपी वेगळ्या, अक्षर वाचता येत नाही. भाच्याने सांगितले, की २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला आहे. सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा स्वतंत्र पत्ता. काका म्हणाले, "म्हणजे आमच्या पलंगाला एक आणि मोरीला दुसरा."

मग मी त्यांना भाच्याच्या आणि साहेबाच्या वादाबद्दल विचारले. काकांना त्यात वाद कसला तेच कळेना. "पत्ता अपुरा असला की आम्ही पाकिटावर तसा शेरा मारून पत्र परत पाठवायचो. लिहिणाऱ्याला राग यायचा, पण त्याला कळायचं तरी, की पोचलं नाही. वडगावचं पत्र भलत्याच वडगावात टाकलं, तर लिहिणाऱ्याला वाटतं पोचलं, आणि तिकडं म्हातारी वाट बघत बसते. ते कुणालाच कळत नाही." एवढे बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला.

भाच्याने नंतर चौकटीत बदल केला आहे. आता नुसते 'वडगाव' लिहिले, तर ती एकदम कुठे नेत नाही. तिन्ही वडगावे, आपण आहोत तिथपासूनच्या अंतरासकट, ठसठशीत अक्षरांत मांडते आणि विचारते, यातले कुठले? बोट टेकले तर टेकू देते. काही सापडलेच नाही, तर तसे सांगते आणि गावाबरोबर तालुक्याचे नाव घालून पाहा म्हणते. साहेबाने अजून मान्यता दिलेली नाही. पोस्टमनकाकांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, की साहेबांना मी स्वतः एक कार्ड टाकतो. राहतात कुठं ते?

"वडगावला," भाचा म्हणाला.

काकांनी पेनाचे टोपण काढले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "कुठल्या?"