कर्ता आणि भोक्ता

सायबेरियातील लेना नदीच्या खोऱ्यात, याकुत्स्कच्या आसमंतात, वर्षाकाठी जेमतेम अडीचशे मिलिमीटर पर्जन्य होत असताही लार्च वृक्षांची विस्तीर्ण अरण्ये उभी आहेत, याचे कारण खालची चिरगोठित भूमी होय. वितळत्या हिमाचे पाणी खोल झिरपू न देता ती मुळांच्या आवाक्यात धरून ठेवते. आता उष्मा वाढू लागल्यापासून त्या भूमीतील बर्फाच्या प्रचंड पाचरी विरघळतात, जमीन खचते, खळग्यांत तळी साचतात आणि काठचे लार्च प्रथम कलतात, मग मुळे पाण्यात गुदमरून उभ्याउभ्या वाळतात. तेथील साखा लोक हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ चिऱ्यांसारखा कापून अंगणात रचतात व तोच वितळवून पितात; त्यांचे जीवन त्या भूमीशी इतके निगडित आहे.

हे कोणाच्या कर्माचे फळ? आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्त मांडताना दोन दोष कटाक्षाने टाळले: कृतनाश आणि अकृताभ्यागम, म्हणजे केलेले वाया जाणे आणि न केलेले पदरी पडणे. येथे दोन्ही घडत आहेत. ज्यांनी कर्बवायू सोडला त्यांच्या नावे काहीच खर्ची पडत नाही, आणि साखा गुराख्याच्या नावे मात्र खचलेले कुरण. पूर्वजन्माचा हवाला देऊन ही थकबाकी बेबाक करणे मला अधर्म्य वाटते. कारण या कर्माचे कर्ते अद्याप हयात आहेत, आणि कोळशाच्या विजेवर दिवे लावणारे आपणही त्यांत आलो. भोक्त्याला तितिक्षेचा उपदेश करण्यापूर्वी कर्त्याकडून वसुली का होऊ नये, याचे उत्तर आमच्या शास्त्रीपंडितांनी दिले पाहिजे.