उसनें यंत्र आणि उसनी जबाबदारी

घर बांधणाऱ्या मक्तेदाराला घरमालकानें आपलें स्वतःचें अवजड यंत्र वापरावयास द्यावें काय, हा प्रश्न वरवर पाहतां नीतिशास्त्राचा वाटत नाहीं. परंतु क्षुल्लक दिसणाऱ्या देवघेवींतच माणसाची न्यायबुद्धि खरी कसास लागते. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्याच्या दारांत ट्रॅक्टर व जेसीबी उभे आहेत अशा एखाद्या शेतकरी गृहस्थानें बंगला बांधावयास काढला, अशी कल्पना करूं. मक्तेदाराचें यंत्र दुसऱ्या कामावर अडकलेलें. तो म्हणतो, "दादा, तुमचें मशीन रिकामेंच उभें आहे, पायाची खोदाई दोन दिवसांत उरकून टाकूं." काम आपलेंच, यंत्र आपलेंच, मग हरकत कसली? गृहस्थ किल्ली देतो. भाडें किती, डिझेल कोणाचें, चालविणारा कोण, यांपैकीं कांहींच ठरत नाहीं. आणि या न ठरविण्यालाच आपण मनाचा मोठेपणा समजतों.

आमच्या मतें पहिली गफलत येथेंच होते. गरजवंताला निरपेक्षपणें दिलें तर तें औदार्य. मोल ठरवून दिलें तर तो व्यवहार. दोन्ही प्रतिष्ठित आहेत. परंतु मक्तेदारानें आपल्या दरांत खोदाईचा खर्च बहुधा आधींच धरलेला असतो, आणि पुढें बिलांत कांहीं सूट मिळेल ही आशा मालकाच्याही मनांत दडलेली असते. हिशेब दोघेही करतात, बोलत मात्र कोणीच नाहीं. अशा अबोल हिशेबाला औदार्य म्हणणें ही आत्मवंचना होय. काम लांबलें कीं तिचें फळ दिसतें: "यंत्र तुमचेंच बिघडलें" एवढें म्हटलें म्हणजे मालकाचें तोंड बंद.

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यांत याविषयीं मार्मिक विवेक आढळतो. कलम १५० च्या एका उदाहरणांत एकजण आपला घोडा दुसऱ्याला उसना देतो. घोडा द्वाड आहे हें ठाऊक असून तो तें सांगत नाहीं. घोडा उधळतो, स्वार पडतो, आणि नुकसानीची जबाबदारी घोड्याच्या मालकावर येते. भाड्यानें दिलेल्या वस्तूचा मात्र अज्ञात दोषही मालकालाच भोंवतो. म्हणजे फुकट देणाराला कायदा ज्ञात दोषापुरतेंच बांधतो. पण "मला ठाऊक नव्हतें" हें उत्तर कायद्याला पुरलें तरी सदसद्विवेकबुद्धीला पुरेल काय? ब्रेक ढिला आहे, हायड्रॉलिकची नळी गळते, हें ठाऊक नसणें म्हणजे पुष्कळदां तें न पाहण्याचा निश्चयच असतो.

शिवाय देणारा व घेणारा यांच्यापलीकडे तिसरा एक माणूस आहे. मागें सरकणाऱ्या यंत्राच्या पाठीशीं किंवा खणलेल्या चराच्या कांठावर उभा असलेला मजूर. त्यानें कांहीं उसनें घेतलेलें नाहीं; किल्ली हातोहात गेली तेव्हां तो हजरही नव्हता; तरी दोघांच्या भिडेची किंमत त्याच्या अंगावर पडते. अपघातानंतर मालक म्हणतो, "यंत्र मक्तेदाराच्या ताब्यांत होतें." मक्तेदार म्हणतो, "यंत्र माझें नव्हतें." दोन्ही विधानें खरीं, आणि त्या दोन सत्यांच्या फटींत मजुराचा न्याय नाहींसा होतो.

तर मग यंत्र देऊंच नये काय? आमचा अभिप्राय तसा नाहीं. द्यावें, पण आधीं तें तपासून, त्याचे दोष स्पष्ट सांगून, चालविण्यास लायक माणूस नेमून द्यावें. भाडें तासावर ठरवून बिलांतून वळतें करावें, आणि मोडतोड वा अपघात झाल्यास भार कोणाचा हें चार ओळींत लिहून ठेवावें. कोणी म्हणतील, हा कोरडेपणा झाला. परंतु दोघांमध्यें गोड वाटणारी भीड तिसऱ्याच्या जिवाशीं गांठ पडतांच निष्ठुर ठरते. आपली वस्तु दुसऱ्याच्या हातीं देणारानें तिच्यासंबंधींचें कर्तव्य तरी आपल्याच हातीं ठेविलें पाहिजे.