झिजणारी लेखणी

बोरू करायला फार काही लागत नाही. वाळलेली काडी, धारदार चाकू आणि घाई नसलेला हात. टोक तिरके तासायचे, आतला गर खरवडायचा, मधोमध चीर द्यायची. शेवटी टोक कठीण जागी टेकवून एका दाबात कलते छाटायचे. टक् असा आवाज आला की बोरू झाला. दोनदा छाटावे लागले तर चाकू बोथट आहे, किंवा मन.

चीर नसेल तर शाई नीट उतरत नाही. अखंड काडीला लिहिता येत नाही.

दासबोधात लेखनक्रियेवर एक समास आहे. देशोदेशीचे बोरू आणावेत, असे रामदास तिथे सांगतात. त्याच समासात आणखी एक अपेक्षा आहे: ग्रंथ संपेपर्यंत अक्षर पहिल्यासारखेच राहावे, सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. बोरू तर लिहिता लिहिता झिजतो. तो पुन्हा तासायचा, संपला की दुसरा घ्यायचा, आणि वाचणाऱ्याला हे कळू द्यायचे नाही. ज्याचे सातत्य लोक वाखाणतात, त्याने किती टाक मोडले हे त्यालाच माहीत असते.

बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरसारख्या गावात लिपीही झिजत गेली. निजामाच्या अमलात कचेरी उर्दू, जुने हिशेब मोडी. 1956 मध्ये बिदर म्हैसूर राज्यात गेले आणि कचेरी कन्नड झाली. कित्येक घरांत बोलणे मराठीच राहिले. आजोबांची सही नातवाला वाचता येत नाही. बांधाचा वाद मात्र कोणत्याही लिपीत अचूक समजतो.

मोडीत शिरोरेषा आधी आखतात. अक्षरे मागाहून तिला टांगतात. सीमाही अशाच आखल्या जातात.

बिदरी कारागिरांनी लेखण्यांसाठी कलमदाने घडवली. जस्तात थोडे तांबे, त्यात बसवलेली चांदी, आणि शेवटी नवसागरात कालवलेली बिदरच्या किल्ल्यातली माती. त्या मातीने धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. ही कलमदाने आता संग्रहालयांत काचेआड आहेत. आतल्या बोरूंची चौकशी कोणी करत नाही. जे वापरले ते संपले, हे ठीकच. पण मग इतिहास उरतो तो जपून ठेवलेल्या वस्तूंचा, आणि कामाच्या वस्तू बहुधा जपल्या जात नाहीत.

आता लेखणीच कलमदान झाली आहे. शिसवीचे, म्हशीच्या शिंगाचे, चामड्याने मढवलेले पेन हाताने घडवून मिळते. कष्ट खरे असतात. शिंग लेथवर फिरू लागले की जळक्या केसांचा वास सुटतो. पॉलिश झाल्यावर तो कुठेच नसतो. घेणारा ते पेन हातात तोलतो, एक सही करून पाहतो. मग इतक्या देखण्या पेनाने लिहावे असे आपल्याजवळ काय आहे, हा प्रश्न त्याला पडतो. बोरूने तो कधी पाडला नव्हता. अशा एका पेनातली शाई कशी वाळली, ते मला ठाऊक आहे.

परदेशात हरणाच्या शिंगाचीही पेने करतात. आपल्याकडे सांबरशिंग ठाऊक होते ते सहाणेवर उगाळण्यापुरते. सांबर आणि चितळ दरवर्षी शिंगे टाकतात. बिदरच्या माळावरच्या काळविटाला ती जन्मभर वाहावी लागतात. गळालेले शिंग उचलण्यात हिंसा नाही, असे कोणालाही वाटेल. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत हरणाची शिंगेही येतात. कायद्याला हरणापेक्षा माणूस अधिक ठाऊक आहे. गळालेल्या शिंगाला भाव आला की न गळालेलीही गळू लागतात.

चामड्याची गोष्ट या भागात तरी सोपी नाही. बसवकल्याण हुलसूरहून जवळ. बाराव्या शतकात तिथे हरळय्या नावाचा चर्मकार शरण, म्हणजे बसवण्णांचा अनुयायी, होता. कथा अशी की त्याने बसवण्णांना एकदा शरणार्थ म्हटले आणि त्यांनी उलट दोनदा म्हटले. वरचा तो एक नमस्कार त्याला ऋण वाटला. फेडण्यासाठी त्याने आणि त्याची पत्नी कल्याणम्मा हिने आपल्या मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी पादत्राणे शिवली. बसवण्णांनी ती पायात घातली नाहीत. पुढे हरळय्याच्या मुलाचे लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाले, आणि बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला, असे सांगतात. कातडे सोलून दिले ते चालले. सोयरीक चालली नाही.

आजच्या चामडी पेनासोबत एक छापील कार्ड असते. चामडे अस्सल असल्याची हमी त्यावर असते. टाके हाताने घातल्याचाही उल्लेख असतो. ते कमावले कोणी, हे नसते.