निवाडा कुणाच्या हाती

टीकेची भीती श्रद्धेनं जाते का, या प्रश्नाला साक्षीदार म्हणून शूरवीर नको. ज्याला मुळात भीतीच वाटत नाही, त्याच्या साक्षीचा उपयोग काय? म्हणून मी झाशीच्या मुलुखातल्या काशीपुरा या खेड्यात 1825 साली जन्मलेल्या नीळकंठ गोऱ्ह्यांना बोलावतो. घराणं कोकणस्थ, बांद्याच्या नबाबाच्या पदरी राहिलेलं, पुढे काशीत स्थिरावलेलं. जॉन म्यूर यांनी संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मत मांडलं, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरच्या नीळकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याचं खंडन केलं. एका जन्मातल्या मोजक्या पापाला अनंत नरक कसा? पूर्वकर्म मानायचं नसेल तर जन्मांधानं काय केलं होतं? हे प्रश्न आजही बोथट झालेले नाहीत. त्याच शास्त्र्यांनी 14 मार्च 1848 रोजी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही काशीत नव्हे, तिथल्या गहजबापासून दूर, जौनपुरात. आधी पूर्वपक्ष, मग उत्तर, ही वादाची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. मीही तिनंच जातो.

पूर्वपक्ष विचारतो, “म्हणजे तुमचा साक्षीदार गाव सोडून, नजर चुकवून गेला. श्रद्धेनं भीती जाते म्हणता आणि घाबरलेला माणूस पुढे करता?” हो, करतो; कारण शुभवर्तमानही तेच करतं. निकदेम येशूकडे आला तो रात्री. धर्मसभेतला मानाचा माणूस, दिवसा कुणी पाहिलं तर काय म्हणेल ही धास्ती उघड आहे. पुढे त्याच सभेत तो एवढंच विचारतो, की माणसाचं म्हणणं ऐकून न घेता त्याला दोषी ठरवणं आपल्या नियमशास्त्रात बसतं का. लगेच त्याला टोमणा बसतो आणि तो गप्प होतो. आणि शेवटी, सगळं संपल्यासारखं दिसत असताना, हाच माणूस सुमारे शंभर रत्तल गंधरस आणि अगरू घेऊन क्रूसावरून उतरवलेल्या देहापाशी येतो. एवढं ओझं लपवून नेता येत नाही. पेत्राची गोष्ट याहून अवघड आहे. अंगणात निखाऱ्यांशी शेकत असताना एका दासीच्या प्रश्नानं तो कोसळला, हे सर्वांना माहीत असतं. पण पुनरुत्थान पाहिल्यावर, मंडळीचा खांब झाल्यावरही, अंत्युखियात यरुशलेमहून काही लोक आले तेव्हा परराष्ट्रीयांच्या पंगतीतून तो हळूच बाजूला झाला, आणि पौलाला सगळ्यांसमोर त्याला अडवावं लागलं. भीती एकदाच मरते असा दावा ख्रिस्ती शास्त्र करत नाही. ती पुन्हा आली तरी तिच्या हाती निर्णय राहत नाही, एवढाच त्याचा दावा आहे.

“बरं, निर्णय माणसांच्या हातून काढला आणि देवाच्या हाती दिला. न्यायाधीश बदलला, कोर्ट तेच! उलट हा न्यायाधीश सर्वज्ञ. त्याची धास्ती जास्तच असायला हवी.” आक्षेप वजनदार आहे. करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो, की तुम्ही माझा न्याय करावा याचं मला फारसं काही वाटत नाही. आणि पुढे म्हणतो, की मी स्वतःचाही न्याय करत नाही. आपलं मन आपल्याला दोष देत नाही म्हणून आपण निर्दोष ठरतो असं तो मानत नाही. खरी मेख इथे आहे. टीकेला भिणारा माणूस बहुधा लोकांना भीत नाही; लोकांचं बोलणं ऐकून आपलंच मन आपल्याविरुद्ध जो निकाल देईल, त्याला भितो. चार लोक नावं ठेवतात आणि आपली किंमत खाली येते, हे त्याच्या मनातलं गणित असतं. ख्रिस्ती विश्वास हे गणितच मोडतो, कारण त्यात किंमत आधी ठरलेली असते. कृपेचा अर्थच हा, की सुनावणी होण्यापूर्वी स्वीकार झाला. न्यायाधीश बदलला हे खरं. पण या न्यायाधीशासमोर आपली योग्यता सिद्ध करायची नसते.

इथे पूर्वपक्ष सर्वात धारदार होतो, आणि मला वाटतं त्याचं म्हणणं प्रत्येक श्रद्धावानानं ऐकावं. “हे फार सोयीचं झालं. देवानं स्वीकारलंय, मग माणसांचं ऐकायचं कशाला? अशी माणसं आम्ही पाहिली आहेत. टीका झाली की म्हणतात, आमचा छळ होतोय. छळ होतोय म्हणजे आम्ही बरोबर आहोत.” अशी माणसं आहेत, चर्चमध्ये आहेत आणि बाहेरही. पण ज्या क्रूसाचा ती आधार घेतात, त्या टेकडीवर क्रूस तीन होते. निकाल देणारं सरकार तेच, खिळे तसेच, हिणवणारी गर्दीही तीच. मधला निर्दोष होता. त्याच्या बाजूचा एक चोर मात्र आपल्या सोबत्याला सांगतो, की आपल्याला मिळतंय ते आपल्या कर्माचंच फळ आहे. माणसांनी दोषी ठरवलं म्हणून कुणी चूक ठरत नाही, आणि दोषी ठरवलं एवढ्यावरून कुणी बरोबरही ठरत नाही. त्यासाठी आरोप वाचावाच लागतो.

बाप्तिस्म्याच्या वेळी गोऱ्ह्यांनी जे नाव घेतलं, त्या नहेम्याच्या पुस्तकात हा भेद लागोपाठच्या दोन अध्यायांत दिसतो. नहेम्या यरुशलेमचा कोट बांधायला घेतो तेव्हा सनबल्लट आणि तोबीया खिल्ली उडवतात, की या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल. नहेम्या त्यांना उत्तर देत बसत नाही. प्रार्थना करतो, पहारे बसवतो, बांधकाम चालू ठेवतो. पुढच्याच अध्यायात त्याचेच गरीब बांधव कुरकुर करत येतात: शेतं गहाण पडली, पोरं गुलामीत गेली, आणि व्याज खाणारे आपलेच भाऊबंद. इथे तो बाणेदारपणे ‘मी देवाचं काम करतोय’ म्हणत नाही. संतापतो, विचार करतो, सरदारांना खडसावतो, आणि पैसे-धान्य कर्जाऊ देणाऱ्यांत स्वतःला धरून हे व्याज आपण सोडून देऊ म्हणतो. कोल्ह्याच्या टोमण्यानं ज्याची किंमत हलली नाही, तोच माणूस कर्जदाराची तक्रार मोकळेपणानं ऐकू शकला. किंमत टांगणीला लागली की माणूस खऱ्या तक्रारीलाही टोमणाच समजतो.

गोऱ्ह्यांच्या पत्रांनी आणि पुस्तकांनी ज्यांची वाट सोपी केली, त्या पंडिता रमाबाईंनी याचा पुरावा दोन आघाड्यांवर दिला. वाँटेज इथे 29 सप्टेंबर 1883 ला बाप्तिस्मा घेतल्यावर, चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवलं ते दुसरं मानेवर घेण्यासाठी नव्हे. श्रद्धेनं दिलेलं धैर्य त्यांनी आधी श्रद्धेच्या अधिकाऱ्यांसमोरच वापरलं. पुढे पुण्यात 1893 साली शारदा सदन या त्यांच्या शाळेवर ‘केसरी’नं झोड उठवली आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. धर्मात हात घालणार नाही या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, आणि बाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. त्यांनी दार लावलं नाही. पण केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. तिथे असा संदिग्ध भरवसा कुणाला द्यावा लागला नाही. दार आणि भरवसा यांतला विरोध टीकाकारांनी दाखवला होता, असं मला दिसतं.

“ही सगळी एकोणिसाव्या शतकातली चैन. आज झाशीत टीका नाही, धाक आहे.” खरं आहे. 19 मार्च 2021 ला दिल्लीहून ओडिशाकडे निघालेल्या दोन ख्रिस्ती जोगिणी आणि त्यांच्यासोबतच्या दोन तरुणींना धर्मांतराच्या आरोपावरून झाशी स्थानकावर गाडीतून उतरवण्यात आलं. आरोपात काही निघालं नाही, त्यांना सोडण्यात आलं. त्या बायकांना टीकेला भिऊ नका असा उपदेश करणं निर्दयपणाचं होईल. टीकेला उत्तर देता येतं, धाकापासून संरक्षण मागावं लागतं; आणि ते मागण्यात अविश्वास नाही. नहेम्यानं पहारे बसवले ते याचसाठी. पौलानंही फटक्यांच्या आधी आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं.

“आणि बापाचे अश्रू?” हा शेवटचा प्रश्न. घर दुखावलं जाणार हे नीळकंठशास्त्र्यांना ठाऊक होतं, आणि जौनपूरच्या वाटेवर त्यांच्या मनात लोकनिंदेची भीती किती आणि आप्तांच्या दुःखाची किती, हे वेगळं काढता येणार नाही. निंदेपासून सुटका व्हावी, पण या दुसऱ्या भीतीपासूनही सुटका देणारी श्रद्धा मला नको आहे. आईबापांवर माझ्याहून अधिक प्रेम करणारा मला योग्य नाही असं म्हणणाऱ्या येशूनंच क्रूसावरून आपल्या आईची सोय लावली. गोऱ्ह्यांच्या शंकाही बाप्तिस्म्यानं मिटल्या नाहीत. महाराजा दुलीपसिंगांबरोबर 1854 मध्ये इंग्लंडला गेल्यावर तिथलं ख्रिस्ती जीवन पाहून ते इतके खचले, की ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरांपुढे त्यांनी ती निराशा बोलून दाखवली. 1876 मध्ये ते काउली फादरांच्या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अखेरच्या शपथा त्यांनी कधीच घेतल्या नाहीत. दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती: इकडचे म्हणणार धर्म सोडला, तिकडचे म्हणणार पुरता धरलाही नाही. तरी 1860 मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत लिहिताना त्यांनी सहाही दर्शनांचं म्हणणं आधी मांडलं, मग खोडलं. आणि 1895 साली मुंबईत देह ठेवेपर्यंत शंका घेऊन येणाऱ्याला उत्तर देणं सोडलं नाही.